बटाटा घाटावरच बरा

ग्रामसभेतले नेहमीचे विषय आटोपले होते. नळाचं पाणी, स्मशानाची शेड, गेल्या पावसात वाहून गेलेला साकव. माणसं चपला शोधायला लागली तेवढ्यात मागून आवाज आला, "बटाट्याचं काय करायचं तेही ठरवून टाका."

आवाज ओळखीचा होता. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून आला तो इथेच राहिलेला, माझ्या चुलतभावाचा मुलगा. हुशार आहे, कष्टाळू आहे, मला काका म्हणतो आणि माझं ऐकत नाही. त्याचा मुद्दा असा : आपल्या गावात रोज जेवढा बटाटा शिजतो तो सगळा वाशीवरून, नाहीतर ताम्हिणी घाट उतरून येतो. काशीद-मुरूडच्या हॉटेलांत वडे तळले जातात, त्यांचाही बटाटा बाहेरचा. इकडे भात कापल्यावर आपली शेतं मे महिन्यापर्यंत ओस पडलेली. मग बचत गटांना अनुदानावर बेणं द्या, शेणखत घाला, रासायनिक काही मारू नका, आणि 'कोकणी सेंद्रिय बटाटा' म्हणून विका. शाश्वत शेती, शाश्वत रोजगार. 'शाश्वत' हा शब्द त्याने चार वेळा वापरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पोराचा हुरूप सभेत कशाला मोडायचा?

घरी येताना माझा मळा लागतो. त्याच्या कडेच्या दोन गुंठ्यांत हाच उद्योग मी चार वर्षांपूर्वी करून बसलोय.

बाजारातून दहा किलो चांगले टपोरे बटाटे आणले होते. त्यातले निम्मे महिनाभर फुटलेच नाहीत. साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून शीतगृहात औषधाची धुरी देतात, हे मला नंतर कळलं. ज्यांना कोंब आले त्यांच्या दोन-दोन डोळ्यांच्या फोडी केल्या आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सरी-वरंब्यावर लावल्या. नोव्हेंबरात रोपांनी असा जोर धरला की येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. गुडघाभर, हिरवंगार. डिसेंबरच्या मध्याला एका दुपारी चार रोपांनी माना टाकल्या. पाणी कमी पडलं असेल म्हणून संध्याकाळी पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी सात. पानं पिवळी नाहीत, डाग नाहीत, हिरवीच्या हिरवी लोंबकळलेली. आठवड्याभराने शेजारच्या वाफ्यातली वांगीही त्याच वाटेने गेली.

एका जाणत्या माणसाने युक्ती सांगितली. मरगळलेल्या रोपाच्या खोडाचा बोटभर तुकडा धारदार सुरीने काप आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात टोक बुडवून उभा धर. धरला. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा एक धागा सुटला आणि हलत हलत तळाला जायला लागला. पडवीत बसून मी, बायको आणि शेजारची दोन पोरं तो धागा बघत होतो. जिवाणूंमुळे येणारी मर. राल्स्टोनिया नावाचा हा जिवाणू उबदार, ओलसर, आम्ल जमिनीत सुखाने नांदतो, म्हणजे आमच्या तांबड्या मातीत. बटाटा, वांगं, टोमॅटो, मिरची ही सगळी त्याची सासरघरं. एकदा वस्तीला आला की वर्षानुवर्षं हलत नाही. बेणं वरून ठणठणीत दिसतं आणि आत तो घेऊन येतं. मी दहा किलो बटाट्यांच्या भावात रोग विकत आणून स्वतःच्या हाताने पुरला होता.

उरलेली रोपं उपटली तेव्हा सगळ्यात मोठा बटाटा लिंबाएवढा निघाला, बाकी सगळ्या सुपाऱ्या. साडेतीन किलो भरले. बायकोने सालीसकट परतून भाजी केली. चव चांगली होती, खोटं कशाला सांगू? पण त्या दोन गुंठ्यांत वांगं आजही टिकत नाही.

आता कोणी म्हणेल, तुमचं चुकलं म्हणून बटाट्याला का बोल लावता? प्रमाणित बेणं घेतलं नाही, लावणी घाईने केली, वांग्याशेजारी लावलं. कबूल. तीनही चुका माझ्याच. तरी सुपारीएवढ्या बटाट्याचं खापर एकट्या माझ्या डोक्यावर फुटत नाही. त्याचा अर्धा वाटा आमच्या रात्रींचा आहे.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथे हजारो वर्षांपूर्वी, टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या थंड उंचीवर, माणसाने तो माणसाळवला. त्याला दिवसा ऊन चालतं, रात्र मात्र गार लागते. जमिनीखाली कंद धरायचा तर रात्रीचं तापमान विसाच्या आत, पंधरा ते अठराच्या घरात असेल तर उत्तम. दिवसा पानांनी जे कमावलं ते गार रात्री मुळाशी उतरतं आणि बटाट्यात साठतं. रात्र उबदार असली की झाड ते श्वासातच उडवून टाकतं आणि पाला वाढवत बसतं. खाणारी तोंडं घरातच दहा झाली की पेवात काय जाणार? किनारपट्टीवर तशा गार रात्री डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जेमतेम दोन महिने. त्यातही एखाद्या आठवड्यात मळभ दाटतं आणि रात्री पुन्हा ऊब धरतात. आंबेवाल्यांना ते मळभ चांगलं ठाऊक आहे. बटाट्याला ऐंशी-नव्वद दिवस लागतात. म्हणजे परीक्षा तीन तासांची आणि पेपर हातात दोन तास.

शास्त्रज्ञांनी यावर काही केलं नाही असं नाही. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये शिमल्याला गेली. तिथल्या कुफरी या गावाचं नाव तिच्या वाणांना मिळतं : कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज. 'कुफरी सूर्या' तर मुद्दाम उष्णता सोसणारा म्हणून काढलेला वाण आहे. पण सोसणारा म्हणजे आवडीने राहणारा नव्हे. आमचा हापूसही देशावर जगतो. फळतोसुद्धा. त्यावरून देशावर हापूसची योजना काढा असं कोणी म्हणत नाही.

मला गंमत वाटते ती नावाची. देशात बहुतेक ठिकाणी आलू म्हणतात, आपण पश्चिम किनाऱ्यावाले बटाटा म्हणतो. शब्द पोर्तुगीजांचा. आमच्यापासून जवळच्या चौल-रेवदंड्याला ते १७४० पर्यंत ठाण मांडून होते आणि खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीजातून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. पण 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडे आला तो स्पॅनिश लोकांमार्फत, मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आणि त्या लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ होता रताळं. युरोपात गेल्यावर दोन्ही कंदांची गल्लत झाली आणि रताळ्याचं नाव बटाट्याला चिकटलं. आमच्या मातीत जे सहज येतं त्याचं नाव लावून दुसराच येऊन बसला आणि आम्ही त्यालाच खरा वारसदार समजून अनुदान द्यायला निघालो.

यात परकं-आपलं हा वाद नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कोणी मला स्वदेशीवाला ठरवेल. काजू ब्राझीलचा. मिरची, पेरू, पपई, अननस, सगळी मंडळी त्याच समुद्रापलीकडून आली. काजूला आमचा कातळ असा मानवला की आता कोकणाबाहेरच्या माणसाला तो इथलाच वाटतो. रताळंही अमेरिकेचंच. पीक कुठून आलं याला महत्त्व नाही, इथे आल्यावर त्याला किती लाडावून ठेवावं लागतं याला आहे. माझ्या लेखी शाश्वत पिकाची खूण एवढीच : मालक आठ दिवस दवाखान्यात गेला तरी ते मरत नाही.

बटाटा त्या परीक्षेत बसत नाही. आठ-दहा दिवसांनी पाणी, दोनदा मुळाशी मातीची भर, पानं करपवणाऱ्या करपा रोगावर सतत नजर. आमच्या गावात चारपैकी दोन घरांना कुलूप, तिसऱ्यात सत्तरीचं जोडपं. शेतीच्या चर्चेत माती, पाणी, खत, कीड सगळं येतं. कंबर येत नाही. भर लावायला वाकणारी कंबर कोणाची?

बेण्याचा हिशोब बघा. हेक्टरी वीस ते पंचवीस क्विंटल बटाटा लावावा लागतो, म्हणजे एकराला आठ-दहा क्विंटल. बटाट्याच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा हाच. आणि हे बेणं आपण घरी राखू शकत नाही. बटाट्याचे विषाणू मावा पसरवतो. उत्तरेच्या मैदानात हिवाळ्यात मावा कमी असतो त्या दिवसांत बेण्याचं पीक घेतात, मावा वाढायच्या आत पाला कापून टाकतात आणि बेणं उन्हाळाभर शीतगृहात दोन-चार अंशांवर ठेवतात. म्हणून देशभरचं बेणं पंजाबातून, जालंदरच्या बाजूने येतं. आमच्याकडे दमट हवा, विजेचा लपंडाव आणि शीतगृहं आहेत ती मासळीची. दर वर्षी बेण्यासाठी हात पसरायचा असेल तर त्या शेतीला शाश्वत म्हणण्यात शाश्वत एवढीच गोष्ट : परावलंबन. नीलगिरीत १९६१ साली बटाट्यावरची सूत्रकृमी सापडली. तिच्या गाठी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि त्या भागातल्या बटाट्याच्या वाहतुकीवर पुढे निर्बंध आले. मातीत काय आणतोय हे विचारायची सवय मला ग्लासातल्या त्या धाग्याने लागली. दुसऱ्याला तरी ती इतकी महाग पडू नये.

सगळा रोख 'बाहेरून येतो' यावर आहे, त्यावरही बोललं पाहिजे. ट्रकने घाट उतरून आलेला बटाटा पर्यावरणाला जड आणि दारातला हलका, हे ऐकायला बरं वाटतं. पण सातगाव पठारावर, पेठ-मंचरच्या बाजूला, पावसाळी बटाटा पिढ्यान्‌पिढ्या होतो. तिकडे सातारा जिल्ह्यात होतो, खाली बेळगावात होतो. हवा जुळते, माणसं जाणती आहेत, बाजार पायाशी आहे. त्यांनी पोतंभर खतात जेवढं काढलं तेवढं काढायला आम्हाला दोन पोती लागली तर डिझेल वाचवून कमावलं काय? आमचा भात, मासळी, नारळ, आंबा घाट चढून जातो तेव्हा आम्ही त्याला व्यापार म्हणतो. बटाटा उतरून आला की लाज कसली?

हां, एक गोष्ट मला गप्प करते, आणि ती पुतण्याने मला मोबाइलवर दाखवली. पेंढ्याखालचा बटाटा.

पश्चिम बंगालच्या सुंदरबनात, खाऱ्या पट्ट्यात, भात निघाल्यावर जमीन नांगरतच नाहीत. चिखल ओलसर असतानाच बेणं वरच्या वर मांडतात, शेणखत-खत टाकतात आणि वर भाताच्या पेंढ्याचा जाड थर अंथरतात. बस. बटाटे मातीत न शिरता पेंढ्याखाली, जमिनीच्या पाठीवरच धरतात. काढायला कुदळ नको, पेंढा बाजूला केला की अंड्यांसारखे गोळा करायचे. पेंढ्यामुळे ओल टिकते, पाणी कमी लागतं, आणि जमीन तापून खालचं मीठ वर चढतं ते बऱ्याच अंशी अडतं. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो आपला खारेपाट. पेण-अलिबागच्या खाडीकाठची ती मैलोन्‌मैल शेतं, एक भात घेतलं की पुढच्या पावसापर्यंत भेगाळत पडलेली. तिथे हा प्रयोग करण्याजोगा आहे. मी हे नाइलाजाने नाही, मनापासून म्हणतो.

करण्याजोगा म्हणजे दोन-चार गुंठ्यांत, प्रमाणित बेण्यावर, नोव्हेंबर संपताना, आणि जिथे आधी वांगी-टोमॅटो झालेली नाहीत तिथे. कारण पेंढ्याचंही गणित आहे. माझ्या अंदाजाने एका गुंठ्यावर वीतभर थर द्यायचा तर तीन-चार गुंठ्यांचा पेंढा लागतो. थर पातळ झाला की उजेड लागून बटाटे हिरवे पडतात, ते खाण्याच्या लायकीचे राहत नाहीत. त्या पेंढ्यावर गोठ्यातल्या गाईचा हक्क आहे, एप्रिलमध्ये आंब्याच्या आढीचा आहे. आणि पेंढ्याखाली गारव्याला उंदीर-घुशी येऊन राहतात, ते कुठल्याच व्हिडिओत दाखवत नाहीत. घरापुरत्या बटाट्याला पद्धत छान आहे. अनुदानाची योजना उभारायला पुरेशी नाही.

शिवाय ती शेतं ओस पडतात हेही निम्मंच खरं. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर, पुढे नुसत्या दवावर, आमच्याकडे वाल होतो. पाणी नाही, खत नाही, फवारणी क्वचित. वर मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देऊन जातो. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळ्यांनी भाताची जी पद्धत बसवली तिच्यातही हेच आहे : गादीवाफे एकदाच करायचे, नांगर नाही, चिखलणी नाही, भाताची मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यांवर भातानंतर कडधान्य. शाश्वत शेतीचा धडा शोधायला फार लांब जायला नको. आज ती शेतं खरोखर ओस असतील तर त्याचं कारण मोकाट गुरं आणि गेलेली माणसं. बटाटा लावला म्हणून गुरं वळून जाणार नाहीत.

मग कंद लावायचेच नाहीत का? लावायचे. पण आपले.

पौष-माघात आमच्याकडे पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, तोंडाला पाल्याचा बोळा, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. गेल्या वर्षी शेतात मडकं उघडलं, शेंगा केळीच्या पानावर ओतल्या, तर त्यातून तीन प्रकारचे कंद घरंगळत आले. वाशीचा बटाटा, मळ्यातलं रताळं आणि परड्यातलं कणगर. मुंबईच्या पाहुण्यांची पोरं आधी बटाट्यावर तुटून पडली, ओळखीचा म्हणून. मग एकीने चुकून कणगर उचललं. केसाळ, मातकट, दिसायला काही खास नाही. साल बोटाने सोलली की आत बर्फासारखं पांढरं, वाफाळतं, पिठूळ आणि किंचित गोड. त्यानंतर बटाटे पानावर तसेच राहिले.

हे कणगर करायला काय लागतं? मे अखेर, पहिल्या सरीच्या आगेमागे, घरच्याच गेल्या वर्षीच्या लहान कंदांतून एकेक पुरायचं. खड्ड्यात पालापाचोळा, शेण, चुलीची राख. वेल चढायला जवळ एखादी शेवरी, नाहीतर काठी. पुढे चार महिने पाऊस त्याचं पाणी बघतो. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, जो बटाट्याला कुजवेल, तो याला लागतोच. वेल पिवळा पडून वाळला की नोव्हेंबर-डिसेंबरात कंद तयार. आणि तयार झाला म्हणून काढायची घाई नाही, लागेल तसा खणायचा. जमीन हेच शीतगृह, त्याला वीजबिल नाही. सत्तरीच्या जोडप्याला हे झेपतं. आमच्या शेजारच्या काकू सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत लावतात, गोणी आडवी केली की कंद हातात.

करांदा तर त्याहून सोपा. हवेतच वेलाला लागतो, बटाट्यासारखाच गोल, करड्या सालीचा. डिसेंबरात नाक्यावर कातकरी बायका टोपलीत उकडलेले करांदे घेऊन बसतात. रानातल्या कडू कंदाच्या चकत्या करून वाहत्या ओढ्यात ठेवून त्याचा कडूपणा काढायची विद्याही त्यांच्याचकडे आहे. आमच्यातल्या कुणाला ती येत नाही. त्यांच्याशी भावावरून घासाघीस करणारा माणूस पुढच्या दुकानात वेफर्सचं पाकीट छापील किमतीला घेतो. मी स्वतः हे केलेलं आहे.

आणि रताळं. बेण्याचा खर्च शून्य, तीन-चार पेऱ्यांचे वेलाचे तुकडे शेजाऱ्याकडून मागून आणायचे. वेल जमीन झाकतो, तण दबतं, उतारावरची माती धरून राहते. पाला गुराला. सोंड्या भुंगा त्रास देतो, त्याला स्वच्छ वेल, वेळेवर मातीची भर आणि दर वर्षी जागा बदलणं हे उपाय आहेत. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, १९७२ पासूनचं, त्याने या कंदांना सावत्र वागवलेलं नाही. रताळ्याची कोकण अश्विनी, कणगराची कोकण कांचन, करांद्याची कोकण कालिका, झालंच तर कोकण घोरकंद, ही सगळी तिथली नावं. तिरुअनंतपुरमजवळच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने भू सोना नावाचं केशरी गराचं रताळं काढलंय, त्यात अ जीवनसत्त्वाला लागणारं बीटा कॅरोटिन भरपूर. केशरी रताळ्याने लहान मुलांचं पोषण सुधारतं हे आफ्रिकेत दाखवणाऱ्यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांतले काही जण पेरूच्या लिमा शहरातल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राचेच. बटाटा केंद्रालाही रताळं वर्ज्य नाही. आम्हाला मात्र ते आषाढी एकादशीलाच आठवतं.

संशोधन आहे, वाण आहेत. बेणं पुरेसं मिळत नाही आणि मागणाराही नाही. बचत गटांना काही द्यायचं असेल तर हे द्या. एका गटाने वाडीतले दहा-बारा कंद प्रकार राखायचे, दर मे महिन्यात घरटी पाच कंद वाटायचे, पुढच्या वर्षी सहा परत घ्यायचे. जुन्या काळी बियाणं असंच दिढी-सवाईने फिरायचं. शाळेच्या पोषण आहारात डिसेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा उकडलेलं रताळं गेलं तर गावातल्या चार-सहा बायकांचा माल तिथेच खपेल. काशीदच्या हॉटेलवाल्याला कोकणी बटाटा सांगून फसवण्यापेक्षा कणगराचे काप तळून घाला म्हणावं. भाव तो बटाट्याच्या वर देईल, कारण पाहुण्याला ते पुण्यात मिळत नाही.

इथवर वाचून कोकणातला शेतकरी हसत असेल. काका, डुकराचं काय?

बरोबर आहे. कंद म्हटला की रानडुक्कर. एका रात्रीत वीस आळी उकरून जातं, आणि बटाटा, कणगर, रताळं यांत ते भेद करत नाही. त्याबाबतीत ते माझ्यापेक्षा मोकळ्या मनाचं आहे. वानरं दिवसा येतात, करांदे तोडून अर्धे खातात, अर्धे टाकतात. नुकसानभरपाई कागदावर आहे. अर्ज, फोटो, पंचनामा आणि तालुक्याला दोन खेपा, असं करून हातात येतं ते एसटीच्या तिकिटाला पुरतं न पुरतं. म्हणून लोकांनी लावणंच सोडलं. बटाट्याच्या बेण्यावर जो पैसा खर्च होईल तो वाडीच्या सामाईक कुंपणाला द्या, असं माझं सरळ म्हणणं आहे. एकेकट्याच्या दोन गुंठ्यांना कुंपण परवडत नाही. वीस घरांचा मळा एका कुंपणात घेतला तर परवडतं. आत मग वाल करा, पांढरा कांदा करा, कंद करा. कुंपण असेल तर काय पिकवायचं ते लोक ग्रामसभेवाचून ठरवतील. तोवर गोण्या अंगणात ठेवा. कुत्रा असला तर डुक्कर अंगणात येत नाही, निदान आमच्याकडे अजून आलेलं नाही.

बटाटा मी सोडलेला नाही. उपासाची भाजी, कांदाबटाटा रस्सा, वडा, कशावाचून अडत नाही म्हणणारा माणूस खोटारडा. पण खाणारा म्हणून आमची जबाबदारी वेगळी आहे. घाटावरच्या शेतकऱ्याने दर वर्षी त्याच रानात बटाटा न लावता मध्ये कडधान्य घ्यावं, करप्याची फवारणी पंचांगासारखी न करता हवा बघून करावी, यासाठी त्याला दोन पैसे जास्त मिळाले पाहिजेत. ते आम्ही देत नाही. भाव पाच रुपयांनी चढला की आम्हीच बोंब मारतो आणि पडून मातीमोल झाला की गप्प बसतो.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी त्याने खारेपाटातल्या सासुरवाडीच्या शेतात तीन गुंठे पेंढ्याखाली बटाटा लावायचं ठरवलं, स्वतःच्या खर्चाने, आणि माझ्याकडून कणगराचे चाळीस कंद नेले. गटाच्या नावाने योजनेचा अर्जही तोच भरत होता. माझ्याच पडवीत, टेबलफॅनखाली. पिकाच्या रकान्यात छापील यादी होती, त्यात बटाटा होता. कणगर नव्हतं, करांदा नव्हता, रताळंही नव्हतं. शेवटी 'इतर' आणि पुढे एक चौकोन.

"काका, इतरमध्ये टाकू?"

टाक म्हटलं. तिन्ही नावं त्या चौकोनात मावेनात. दोनदा खोडलं, मग त्याने नुसतं 'कंद' लिहिलं.